बातम्या देणारा आवाज

हे भाषण बोलण्यासाठी लिहिले होते. आता ते छापून आपल्या हाती येत आहे, तरी त्यातली बोलीची वळणे मी तशीच राहू दिली आहेत. छापील वाक्य समजले नाही तर डोळा मागे फिरतो आणि पुन्हा वाचतो. कानाला ती सोय नाही. ऐकणाऱ्याने जे घ्यायचे ते एकदाच घ्यायचे, आणि तेही सांगणाऱ्यावर भरवसा ठेवून. वाचकहो, आजचा विषय हा भरवशाचाच आहे.

मी मूळचा राजूरचा. जालन्याहून उत्तरेकडे पंचवीसेक किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यात हे गाव आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरची गणना करतात, तेव्हा गाव आपल्याला ठाऊक असेलच. गणपतीने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती इथेच, असे आमच्याकडची मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात. म्हणजे सांगणे आणि ऐकणे हा आमच्या गावचा जुनाच धंदा म्हणायचा! लहानपणी चहाच्या हॉटेलात रेडिओवर बातम्या लागल्या, की हातातली बशी हातातच ठेवून माणसे गप्प होत. बातम्या देणाऱ्यांची नावे त्यांना पाहुण्यारावळ्यांच्या नावांसारखी पाठ असत. पुणे केंद्रावरून बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे ह्यांना माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी पाहिले नाही. पण बाईंचा आवाज ऐकला की ते मान हलवत, जणू ओळखीचे माणूस दारात आले आहे.

असो. सांगायची गोष्ट वेगळीच आहे.

काही दिवसांपूर्वी आमच्याच भागातली, माझ्या वर्गात एम. ए. करीत असलेली एक मुलगी मला भेटायला आली. तिने आकाशवाणीच्या वृत्तविभागात आवाजाची चाचणी दिली होती आणि ती उत्तीर्णही झाली होती. काम नैमित्तिक स्वरूपाचे. महिन्यातून मोजक्या पाळ्या मिळायच्या. घरचे म्हणत होते, ही काय नोकरी आहे? त्यापेक्षा बी. एड. कर आणि मोकळी हो. मला वाटले, मुलगी ह्याच घोटाळ्यात सापडली असेल, तेव्हा तिला धीर द्यावा. पण तिने विचारले ते असे : “सर, मजकूर दुसऱ्याचा आणि आवाज माझा. पुढे बातमी खोटी निघाली, तर दोष कुणाचा?”

प्राध्यापकाला तयार उत्तराची फार सवय असते. त्या दिवशी माझ्याजवळ ते नव्हते. “उद्या ये,” म्हणालो. रात्री आठवण झाली ती वेणू चितळे ह्यांची.

हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले नसेल, आणि त्यात आपला दोष नाही. आम्ही मराठी माणसे आमच्या लेखकांचे शताब्दी-सोहळे करतो. आवाजाचे मात्र कोणी स्मारक करीत नाही. वेणूताईंचा जन्म २८ डिसेंबर १९१२ चा, कोल्हापूर भागातला. आईबाप लवकर गेले; थोरल्या भावंडांनी सांभाळले. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत आणि पुढे मुंबईत झाले. १९३४ साली, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, आपल्या एका शिक्षिकेबरोबर त्या विलायतेला गेल्या. त्या काळी मुलगी शिकायला पुण्याला गेली तरी आळीत चर्चा होई, हे ध्यानात घ्या! तिकडे मुलांना शिकवण्याची माँटेसरी पद्धत त्यांनी अभ्यासली, आणखीही शिक्षण घेतले. मनात शिक्षिका व्हायचे असावे, असे दिसते. पण १९३९ मध्ये महायुद्ध पेटले, आणि १९४० मध्ये त्या बी. बी. सी.त दाखल झाल्या.

त्या वर्षीची बी. बी. सी. म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणा. १५ ऑक्टोबर १९४०. लंडनमधल्या ब्रॉडकास्टिंग हाउसवर जर्मन बॉम्ब पडला. तो लगेच फुटला नाही. रात्री नऊच्या बातम्या चालू असताना फुटला. ब्रूस बेलफ्रेज नावाचे निवेदक बातम्या वाचीत होते. घराघरांत लोकांनी धडाक्याचा आवाज ऐकला. क्षणभर शांतता पसरली, आणि मग बातम्या पुढे चालू झाल्या. त्या इमारतीतली सात माणसे त्या रात्री प्राणाला मुकली होती.

दुसरी एक गोष्ट त्याच वर्षीची. तोवर बी. बी. सी.चे वृत्तनिवेदक आपले नाव सांगत नसत. आवाज संस्थेचा, माणसाचा नव्हे, अशी तिथली रीत. पण जर्मनी बी. बी. सी.च्या नावाखाली खोट्या बातम्या सोडील, अशी भीती निर्माण झाली, आणि १९४० च्या उन्हाळ्यापासून निवेदक आधी आपले नाव सांगून बातम्या वाचू लागले. लोकांनी आवाज आणि नाव ह्यांची सांगड मनात घालून ठेवावी, म्हणजे नकली माणूस ताबडतोब उघडा पडेल, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे निवेदक बातम्यांच्या सुरुवातीला नाव सांगतात, त्याला आपण शिष्टाचार समजतो. मला मात्र ती सही वाटते. हुंडीवर सही करणारा सावकार जसा त्या रकमेला बांधला जातो, तसेच हे आहे.

तर अशा ठिकाणी वेणूताई काम करू लागल्या. हिंदुस्थान विभागाचे प्रमुख झुल्फिकार अली बुखारी होते. आधी ते मुंबईच्या रेडिओ केंद्रावर होते आणि फाळणीनंतर रेडिओ पाकिस्तानात गेले. मुल्कराज आनंद तिथे भाषणे देत. पुढे चित्रपटांत गाजलेले बलराज साहनीही त्याच वर्षांत तिथे होते. आणि ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे आले एरिक ब्लेअर. जगाला ते जॉर्ज ऑर्वेल ह्या टोपणनावाने ठाऊक आहेत. जन्म बिहारातल्या मोतीहारीचा, तरुणपणी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी, आणि मग साम्राज्यशाहीचे कट्टर विरोधक. स्पेनच्या यादवीत १९३७ साली त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली होती, त्यामुळे आवाज कायमचा बसका झालेला. रेडिओवर अशा आवाजाच्या माणसाने बोलावे, ही एक गंमतच!

मार्च १९४२ पासून बी. बी. सी.ने मराठीतून प्रसारण सुरू केले. आठवड्याच्या युद्धवार्तांचा आढावा ऑर्वेल इंग्रजीत लिहीत, आणि त्यावरून गुजराती, मराठी, बंगाली, तमिळ भाषांत तो जाई. मराठीत तो आणून सांगण्याच्या कामात वेणूताईंचा हात होता. शिवाय त्या इंग्रजीतूनही बोलत. हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी इंग्रजी भाषणांची एक मालिका होती, तीत त्यांचा भाग असे. इतकेच नव्हे, तर युद्धकाळात मांस-अंडी मोजून मिळू लागल्यावर इंग्रज गृहिणींसाठी सकाळी स्वयंपाकाचा जो कार्यक्रम लागे, त्यात हिंदी पद्धतीचे शाकाहारी पदार्थ सांगायला ही मराठी बाई गेली. साहेबाच्या बायकोला डाळभाजी शिकवणारी! १९४२ सालचे एक छायाचित्र पुष्कळ पुस्तकांत छापलेले आहे. त्यात टी. एस. एलियट बसले आहेत, मुल्कराज आनंद आहेत, मागे ऑर्वेल उभे आहेत, आणि ह्या सगळ्यांत वेणूताई आहेत.

चित्र मोठे देखणे आहे. पण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न ह्या चित्राच्या पाठीमागे उभा होता. तिथे मजकूर माईकपर्यंत पोचे कसा, ते पाहा. संहिता लिहिली की तिच्यावर दोन शिक्के लागत. धोरणाला धरून आहे, हा एक; आणि शत्रूच्या उपयोगी पडेल असे तीत काही नाही, हा दुसरा. एवढ्याने भागत नसे. प्रसारणाच्या वेळी एक इसम बटनावर हात ठेवून बसलेला असे. वाचणाऱ्याने संहितेबाहेर पाऊल टाकले, की त्याने बटन दाबायचे आणि आवाज बंद करायचा.

आता ऑगस्ट १९४२ आठवा. आठ तारखेला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, आणि नऊच्या पहाटे गांधीजींसह सारे पुढारी पकडले गेले. सोळा तारखेला विदर्भात आष्टी आणि चिमूर पेटले. सरकारचा तुरुंग भरत होता, आणि त्याच सरकारच्या देशातून, शिक्के मारलेल्या कागदावरून, एक तरुण मराठी स्त्री मराठी माणसांना सांगत होती, की आघाडीवर काय चालले आहे. तिला काय वाटले असेल? कोणी म्हणेल, ही तर सरकारची चाकरी झाली. तितके ते सोपे नव्हते. इंग्रज घालवायचा होता हे खरे. पण हिटलर जिंकावा असे तिलाही वाटत नव्हते, ऑर्वेललाही नाही. लंडनमध्ये हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या इंडिया लीगच्या मंडळींशी वेणूताईंचा संबंध होता, हेही ह्याच्या जोडीला ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि त्याच महिन्यात इकडे मुंबईत काय झाले? दुसरी एक तरुण मुलगी दुसऱ्याच एका माईकपुढे बसली. उषा मेहता, वय बावीस. वेणूताईंहून सात वर्षांनी लहान. मूळच्या गुजरातेतल्या, शिकायला मुंबईत. विठ्ठलदास खाकर वगैरे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. हिंदुस्थानात कुठूनतरी बोलत आहोत, एवढाच पत्ता. पोलिसांची गाडी आवाजाचा माग काढीत हिंडे, म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचे. राममनोहर लोहिया त्यांना मजकूर पुरवीत. वर्तमानपत्रांना जे छापण्याची बंदी होती ते, आष्टी-चिमूरसकट, ह्या रेडिओने सांगितले. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात धाड पडली. आतल्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखवून दिले होते. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात त्या राहिल्या, १९४६ मध्ये सुटल्या. पुढे गांधीविचारावर डॉक्टरेट मिळवून मुंबई विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये पद्मविभूषण झाल्या, आणि ११ ऑगस्ट २००० ला वारल्या. अलीकडे त्यांच्यावर चित्रपटही आला.

दोघींची तुलना करून एकीला हार घालणे आणि दुसरीला पायरीवर उभे करणे फार सोपे आहे. मला ते पटत नाही. उषाबेनचे धैर्य निर्विवाद आहे. त्यापुढे आपण वाकावे. पण माझ्या विद्यार्थिनीच्या वाट्याला येणारे आयुष्य उषाबेनचे नाही, ते वेणूताईंच्या आयुष्याला जवळ आहे. संस्था आहे, धोरण आहे, संपादक आहे, घड्याळ आहे. त्या चौकटीत बसून प्रामाणिक राहायचे, ही रोजची आणि बिनटाळ्यांची परीक्षा.

ऑर्वेलला तर ही चौकट फार जाचली. आपले ऐकतो तरी कोण, हा त्यांना प्रश्न. १९४२ मध्ये लॉरेन्स ब्रँडर नावाचा अधिकारी मुद्दाम हिंदुस्थानात येऊन पाहून गेला, आणि श्रोते फारच थोडे आहेत असे त्याने कळवले. सप्टेंबर १९४३ मध्ये ऑर्वेलनी राजीनामा दिला. आपल्या कामाचा काही परिणाम होत नाही, वेळ आणि लोकांचा पैसा वाया जातो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र आपल्यावर कोणी खोटे बोलण्याची सक्ती केली नाही, हेही त्यांनी त्याच वेळी नमूद केले. शिक्के आणि बटन असूनही! माझ्या मते ह्यात एक मेख आहे. चौकटीत खोटे न बोलता राहता येते; पण सगळे खरे सांगता येते असे नाही. न सांगितलेल्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

वेणूताई पुढे स्वातंत्र्यानंतर परत आल्या. दिल्लीत विजयालक्ष्मी पंडितांबरोबर निर्वासितांसाठी काम केले. १९५० मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी निघाली; पुण्याच्या एका ब्राह्मण कुटुंबातल्या तीन पिढ्यांची ती कथा आहे. लग्नानंतर त्या लीला गणेश खरे झाल्या. दुसरी कादंबरी यायला १९९३ साल उजाडले, आणि १ जानेवारी १९९५ रोजी त्या गेल्या. बी. बी. सी.चे मराठी प्रसारण १९५८ च्या डिसेंबरात बंद पडले होते. २०१७ मध्ये ते नव्या रूपात सुरू झाले ते पाहायला त्या नव्हत्या.

आमच्या भागात तर रेडिओच्या खरेखोटेपणाचा एक वेगळाच धडा आहे. राजूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. जालना तर त्याआधीच, पंधरा तारखेला, भारतीय सैन्याच्या हाती आले होते. म्हणजे आमच्या मंडळींनी जे डोळ्यांनी पाहिले, ते रेडिओने दोन दिवसांनी कबूल केले. जुनी माणसे सांगत, “रेडिओ काही का बोलंना, आधी रस्त्याकडं बघावं.” ही वृत्ती मला थोर वाटते. पण बातमी देणाऱ्याने ह्या वृत्तीवर विसंबू नये, कारण रस्त्याकडे पाहण्याची सोय प्रत्येकाला नसते. हे मला पुस्तकातून कळलेले नाही.

मी अकरावीत होतो. अंगारकी चतुर्थी होती. राजूरला अंगारकीला किती माणूस लोटते ते पाहिल्याशिवाय समजायचे नाही. लोक पायी येतात, बैलगाडीने येतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून येतात. आम्हा पोरांना स्वयंसेवक केले होते, आणि माझा आवाज खणखणीत म्हणून मला माईकवर बसवले होते. हरवलेली मुले, सापडलेल्या पिशव्या, वाट पाहणारे मामा. मी अगदी रेडिओच्या थाटात सांगत होतो. रात्री पावसाची भुरभुर सुरू झाली. कोणीतरी मांडवात डोके घालून म्हणाले, “जालन्याची शेवटची गाडी गेली म्हणं.” मी विचारले नाही, कोण म्हणाले, कधी गेली, तुम्ही पाहिली का. माईक हातात होता ना! मी ते तीनदा जाहीर केले, प्रत्येक शब्द तोलून, बातम्यांसारखे. तासाभराने पाहतो, तर थांब्यावर जालन्याची गाडी उभी आणि निम्मी रिकामी. माझे ऐकून माणसे अंधारात पायी निघून गेली होती.

पंधरवड्याने बाजारात एका म्हाताऱ्याने मला आवाजावरून ओळखले. दुकानात मी काहीतरी मागत होतो, तर मागून आला. “तूच का रे माईकवर बोलत व्हतास? तू म्हनला गाडी गेली, म्हून निघालो आमी. सूनबाईच्या कडंवर लेकरू व्हतं. रातभर भिजलं.” मी घाबरून म्हणालो, “बाबा, मला दुसऱ्यानं सांगितलं होतं.” तो रागावला नाही. नुसता म्हणाला, “त्ये मला कसं कळावं? मी तर तुलाच ऐकलं.”

ही हकीकत मी आजवर फारशी कोणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला सांगितली. वेणूताईंची, ऑर्वेलची, शिक्क्यांची गोष्टही सांगितली. म्हणालो, तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या म्हाताऱ्याने मला फार वर्षांपूर्वी दिले आहे. कागद कोणाचा, हे ऐकणाऱ्याला दिसत नाही. दोष संपादकाचा असेल, बातमीदाराचा असेल, पण तो भरून यायला तुझ्याच दारी येणार. तेव्हा काम घ्यायचे असेल तर हे समजून घे. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “मग तर वाचण्याआधी विचारायचा हक्क मला पाहिजे, सर.” मी म्हटले, हक्क कोणी आणून देणार नाही, विचारत जा.

तिने काम घेतले. बी. एड.ही करते आहे, घरच्यांची समजूत तशी पटली. कामाचे स्वरूप तिने मला सांगितले ते असे : पाळीला गेले की इंग्रजी-हिंदीतला मजकूर पुढे येतो; तो भराभर मराठीत करायचा, संपादकाच्या नजरेखालून घालायचा, आणि लाल दिवा लागला की वाचायचा. कागदावरची शाई ओली असेपर्यंत वेळ संपलेली असते. बी. बी. सी.सारखे बटनवाले गृहस्थ आता कोणी बसत नाहीत. घाई मात्र त्यांच्यापेक्षा कडक आहे.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज घाईचा. “सर, बातम्यांना वीस मिनिटं आहेत. ओढ्याला पूर आल्याची बातमी आहे, भोकरदन तालुक्यातली. कागदावर नुसतं पिंपळगाव लिहिलंय. आपल्याकडं पिंपळगाव रेणुकाई आहे आणि पिंपळगाव कोलतेही आहे. कोणतं असेल?”

मी म्हणालो, “मला ठाऊक नाही. पण माझी आत्या कोलते पिंपळगावला दिली आहे, तेव्हा मला तरी त्या दोन्ही गावांतला फरक कळतो. तहसीलला विचार, तलाठ्याला विचार.”

“विचारते,” म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी रेडिओ लावून बसलो. तिने आपले नाव सांगितले आणि बातम्या सुरू केल्या. पुराची बातमी चौथी की पाचवी आली. गावाचे नाव तिने पूर्ण घेतले.